साबणातला विसरलेला खार

संत तुकारामांच्या एका अभंगात साबण येतो. मुळात पाणीच निर्मळ नसेल तर साबण तरी काय करणार, अशा अर्थाचा तो दृष्टान्त आहे. चित्तशुद्धी नसलेल्याला केलेला उपदेश कसा वाया जातो, हे तुकोबा त्यातून सांगतात. हा अभंग आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यातली एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. दृष्टान्त नेहमी ऐकणाऱ्याच्या माहितीतल्या वस्तूचाच देतात. म्हणजे सतराव्या शतकात देहूच्या पंचक्रोशीत साबण ही समजावून सांगावी लागणारी वस्तू नव्हती. इतकेच नव्हे, तर पाणी चांगले नसेल तर साबणाचे काही चालत नाही, हा अनुभवही लोकांच्या गाठीशी होता. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरतात, फेस येत नाही आणि कपड्यावर पांढरट साका बसतो. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातला हा धडा तुकोबांच्या श्रोत्यांना हाताने ठाऊक असणार.

आपल्या मनात मात्र साबण ही इंग्रजांबरोबर आलेली वस्तू आहे. शिकेकाई, रिठा, उटणे हे आपले, साबण विलायतेचा. दिवाळीच्या पहाटे दोन्ही एकाच पाटाशेजारी ठेवलेले असतात, पण उटणे परंपरेचे आणि मोती साबण नव्या काळाचा, अशी विभागणी आपण न बोलता केलेली असते. मग तुकोबांचा साबण कुठला? तो कशाचा होत असे, आणि तो करण्याची विद्या पुढे कुठे गेली? या प्रश्नांचा माग काढताना माझ्या लक्षात आले की, साबणाविषयी बोलताना आपण सगळे तेलाविषयी बोलतो. साबण कोणत्या तेलाचा, त्यात चरबी आहे का, खोबरेल किती. साबणाचा दुसरा घटक, म्हणजे खार, याची विचारपूस कोणी करत नाही. हाताने केलेल्या साबणाचा इतिहास खरा दडला आहे तो मात्र या खारात.

आधी शब्दाचे पाहू. साबण, साबुन हे शब्द अरबी-फारसीतल्या ‘साबून’वरून आले आणि त्याचे मूळ लॅटिन ‘सापो’पर्यंत जाते. पोर्तुगीज भाषेतला साबणाचा शब्दही त्याच मुळाचा असल्याने तो गोव्यावाटे आपल्याकडे आला असेल, असे वाटण्याचा संभव आहे. पण कबीराच्या आणि गुरू नानकांच्या वाणीत साबण आहे. पोर्तुगीज गलबते भारताच्या किनाऱ्याला लागली त्याच सुमारास उत्तरेत हा शब्द लोकांच्या तोंडी रुळलेला होता. तेव्हा वस्तू आणि शब्द या दोन्हींची मुख्य वाट पश्चिम आशियातून उत्तर भारतात येणारी दिसते. ‘सापो’चा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी हा रोमन लेखक करतो. चरबी आणि राख यांपासून होणारा हा पदार्थ गॉल लोकांनी शोधला आणि तो केसांना तांबूस रंग आणण्यासाठी वापरतात, असे तो लिहितो. म्हणजे जगातल्या एका अतिपरिचित वस्तूची पहिली ओळख धुण्याशी जोडलेलीच नाही!

साबणाची कृती एका वाक्यात सांगता येते. तेल किंवा चरबी आणि तीव्र खार यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. वाक्य सोपे, पण अडचण ‘तीव्र’ या शब्दात आहे. पापडखार, सज्जीखार, लाकडाची राख यांत असतो तो सौम्य खार. कार्बोनेटच्या रूपातला हा खार तेलाला सहजासहजी फोडत नाही. त्याला तीव्र करायचे तर चुना लागतो. खाराच्या पाण्यात चुनकळी घातली की चुना त्यातला कार्बोनेटचा भाग खडूच्या रूपाने खाली बसवतो आणि वरच्या निवळीत दाहक खार उरतो. जुन्या जगातल्या प्रत्येक साबणभट्टीत ही पायरी होती. राख किंवा खारी माती, चुना, पाणी, तेल आणि शेवटी मीठ, हे पाच पदार्थ म्हणजे साबणाचे सगळे साहित्य.

मिठाचे काम काय, हे मला पुस्तकातून नीट कळले नव्हते; करून पाहिल्यावर कळले. चुलीतली लाकडाची राख पावसाच्या पाण्यात भिजवून, गाळून, त्यात चुना घालून मी निवळी काढली आणि शेंगदाण्याच्या तेलाबरोबर मंद आचेवर दोन दिवस आटवली. हाती आला तो तपकिरी, बुळबुळीत, चिकीसारखा लगदा. फेस चांगला येत होता, पण वडी होण्याचे लक्षण नव्हते. कारण झाडांच्या राखेत पोटॅशचा खार असतो आणि पोटॅशचा साबण मऊच राहतो. त्या लगद्यात मीठ टाकून ढवळल्यावर मात्र दही फाटावे तसा साबण कणाकणाने वेगळा होऊन वर आला आणि पाणी खाली राहिले. मिठातल्या सोडियमने पोटॅशची जागा काही प्रमाणात घेतली होती. कडक वडी हवी तर सोडियमचा खार हवा, आणि तो समुद्राकाठच्या किंवा खारवट जमिनीतल्या वनस्पतींत किंवा खाऱ्या मातीतच सापडतो. साबणाची प्रसिद्ध केंद्रे ठरावीक प्रदेशांतच का वाढली, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. तेल व्यापाऱ्याकडून आणता येते; खार जवळ असावा लागतो.

आता आपल्याकडच्या खाराकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकविधीचा एक स्वतंत्र अध्याय आहे. मूळव्याध, भगंदर, चामखीळ यांसाठी शस्त्राऐवजी क्षार कसा वापरावा आणि तो कसा तयार करावा, हे त्यात सांगितले आहे. विशिष्ट झाडे जाळून त्यांची राख पाण्यात कालवायची, ते पाणी एकवीस वेळा गाळायचे आणि मग कढवायचे. एवढ्यावर थांबले तर क्षार मृदू. त्यात चुनखडी आणि शंख-शिंपले लाल होईपर्यंत भाजून घातले तर मध्यम. आणखी काही औषधी घातल्या तर तीक्ष्ण. तयार क्षार लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायचा. क्षाराचा दाह आंबट पदार्थाने का शमतो, याचीही चर्चा तिथे येते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा सौम्य आणि दाहक खारातला हा भेद त्यांनी विशेष कौतुकाने नोंदवला होता. साबण करणाऱ्याला लागणारी सर्वांत अवघड पायरी आपल्या शल्यवैद्याला अवगत होती. तेल तर घरोघरी होतेच. तरी प्राचीन भारतात साबण झाला नाही.

का झाला नाही? मला यात अज्ञानापेक्षा गरजेचा भाग मोठा दिसतो. धुण्याची व्यवस्था आधीच लागलेली होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रशुद्धीची एक छोटी यादी आहे. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, डोंगरी बकऱ्यांच्या लोकरीची कांबळी रिठ्याने, तलम वस्त्रे बेलफळाने आणि जवसाच्या धाग्याचे कापड पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावे, असे ती सांगते. कापडागणिक धुण्याचा पदार्थ वेगळा, ही जाण साध्या समाजाची नव्हे. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन असते. ते साबण नसूनही फेस करते आणि मळ सोडवते. युरोपियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी रिठ्याच्या वंशाला ‘सॅपिंडस’ हे नाव दिले, त्याचा अर्थच मुळी ‘हिंदी साबण’. अंगासाठी तेल आणि उटणे होते. तेल लावायचे आणि पिठाने, डाळीने, सुगंधी चूर्णाने ते उतरवायचे, ही अभ्यंगाची रीत. ज्या तेलाने अंग पोसायचे तेच तेल खारात जाळून अंगाला लावायचे, हे त्या विचारात बसणारे नव्हते.

म्हणून साबण आला तो मध्ययुगात, बाहेरच्या कारागिरांबरोबर, आणि प्रामुख्याने कापडासाठी आला. या धंद्याची उत्तम नोंद ढाक्याची आहे. तिथल्या साबणात शिंपल्यांचा चुना, सज्जीमाती, मीठ, तिळाचे तेल आणि थोडी बकऱ्याची चरबी पडत असे. वर सांगितलेले सगळे घटक इथे ओळीने हजर आहेत. ढाक्याची मलमल धुणारे धोबी सज्जी आणि साबणाच्या पाण्यात कापड भिजवत, वाळवत, रात्रभर वाफेवर ठेवत आणि शेवटी लिंबाचा रस घातलेल्या पाण्यातून काढत. कापडात राहिलेला खार आंबटाने शमवायचा, हे सुश्रुताचे सूत्रच धोब्याच्या हातात आलेले दिसते. सज्जीचे दुसरे रूप पंजाब-सिंधकडे मिळे. तिथे खारवट माळावरची झुडपे खड्ड्यात जाळत. त्यांचा खार वितळून तळाशी दगडासारखी ढेप होई आणि ती बाजारात जाई.

आणि महाराष्ट्र? इथे आपल्याला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जावे लागते. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आणि त्यातले खारे सरोवर आज आपण निसर्गाचे आश्चर्य म्हणून पाहतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड मोगल साम्राज्यात आले, तेव्हा अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त लोणारची नोंद केली. ब्राह्मण या क्षेत्राला विष्णुगया म्हणतात, हे तो सांगतो आणि लगेच व्यवहारावर येतो. काच आणि साबण करण्यासाठी लागणारे पदार्थ इथे मिळतात आणि त्यापासून सरकारला चांगला महसूल मिळतो. माझ्या दृष्टीने महाराष्ट्रातल्या साबणाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची ओळ आहे. तुकोबांच्या जन्माआधी मराठी मुलखात साबणाचा खार इतका निघत होता की त्यावर कर बसवणे परवडत होते.

लोणारचे पाणी कमालीचे अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास राहतो. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर आणि तळाशी खार धरतो. सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ यांचे ते मिश्रण. गावकरी त्याच्या प्रकारांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे देत. एका पदार्थाला इतकी नावे तेव्हाच पडतात, जेव्हा प्रत्येक प्रकाराचे गिऱ्हाईक वेगळे असते. बांगड्यांची काच करणारे, रंगारी, साबण करणारे आणि पापड लाटणाऱ्या बायका, अशी ती गिऱ्हाइके. राखेतल्यासारखा हा पोटॅशचा खार नव्हता. सोडियमचा होता, म्हणजे कडक वडी देणारा. चुना आणि तीळ, करडई, जवस, एरंडी यांची तेले वऱ्हाडात उपलब्ध होतीच.

या साबणाचे रूप आजच्या गुळगुळीत वडीसारखे असण्याचे कारण नाही. कच्च्या खाराचा आणि घाण्यावरच्या तेलाचा तो धुण्याचा साबण होता. पण कच्चा माल जागचा आणि हातही जागचा, अशी ती वस्तू होती.

खार आणि हात यांची ही जोडी जिथे शेकडो वर्षे टिकली, अशी दोन शहरे पाहिल्याशिवाय आपले काय हरवले हे कळत नाही. सीरियातले अलेप्पो आणि पॅलेस्टाइनमधले नाब्लस ही ती शहरे. ‘साबून’ हा शब्द आपल्याकडे आला त्या वाटेवरचीच. दोन्हीकडे ऑलिव्हचे तेल मुबलक आणि जवळच्या कोरड्या प्रदेशात खारवट झुडपे. त्या झुडपांच्या राखेला अरबीत ‘अल-किली’ म्हणत; ‘अल्कली’ हा शास्त्रीय शब्द त्यावरूनच आला. नाब्लसला ही राख जॉर्डन नदीपलीकडचे बदाऊन लोक उंटांवरून आणत. ती कुटून चुन्याबरोबर मिसळायची, त्यातून पाणी पुन्हा पुन्हा झिरपवून कडक निवळी काढायची आणि तांब्याच्या मोठ्या कढईत तेलाबरोबर दिवसचे दिवस कढवायची. साबण झाला की नाही, हे मुख्य कारागीर वासाने, हाताने आणि जिभेने ठरवी. मग तो गरम लगदा वरच्या मजल्याच्या फरशीवर ओतायचा, घट्ट झाल्यावर दोरीने रेघा मारून कापायचा, प्रत्येक वडीवर शिक्का मारायचा आणि वड्यांचे पोकळ मनोरे रचून वाळवायचे. अलेप्पोच्या साबणात शेवटी लॉरेलचे तेल पडते. महिनोन्महिने वाळताना तो बाहेरून सोनेरी होतो आणि आतून हिरवा राहतो. युनेस्कोने २०२४ साली या दोन्ही शहरांच्या साबणकलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. युद्ध आणि विध्वंस सोसणाऱ्या या शहरांनी जपलेली ही कला कारखान्यांच्या आधीच्या साबणाची जिवंत साक्ष आहे. तिथेही राखेची जागा आता कारखान्यातल्या कॉस्टिक सोड्याने घेतली आहे. पण ओतणारा, कापणारा आणि रचणारा हात राहिला.

खार हातातून सुटला तो मात्र फ्रान्समध्ये. मार्सेय हे तिथले साबणाचे शहर. १६८८ सालच्या राजाज्ञेने तिथल्या साबणात ऑलिव्हशिवाय दुसरे तेल घालायला मनाई केली होती. तेलावर राजाचा पहारा होता. खार मात्र स्पेनच्या किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या राखेतून यायचा आणि लढाई सुरू झाली की बंद व्हायचा. निकोला लब्लाँ याने १७९१ साली साध्या मिठापासून सोडा तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मीठ, गंधकाम्ल, चुनखडी आणि कोळसा यांतून खार निघू लागला आणि राखेची गरज संपली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत लब्लाँचा कारखाना जप्त झाला आणि निराश होऊन १८०६ साली त्याने आत्महत्या केली. त्याची पद्धत मात्र इंग्लंडमध्ये फोफावली. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या सोल्वेने आणखी स्वस्त पद्धत काढली. दरम्यान शेव्हरलने १८२३ साली तेल-चरबीच्या रसायनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करून साबण का होतो, हे उलगडले. कढईत जिभेने ठरवायची गोष्ट आता वजनाने ठरवता येऊ लागली.

हा स्वस्त सोडा आणि त्यापासूनचा साबण भारताच्या बंदरांत उतरला, तेव्हा लोणारच्या डल्ल्याचा आणि पंजाबच्या सज्जीचा पाया खचला. खाऱ्या मातीतून शुद्ध खार काढायला लागणारे श्रम आणि सरपण त्या भावात परवडणारे नव्हते. १८८८ साली लीव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात आली. १८९७ साली मीरतला नॉर्थ वेस्ट सोप कंपनी निघाली. त्याच काळात साबण धुण्याच्या दगडावरून न्हाणीघरात शिरला. स्वच्छता, आरोग्य, सभ्यता हे सगळे शब्द त्या वडीला चिकटले आणि साबण न लावणारा गावंढळ ठरू लागला.

विलायती साबणाविरुद्ध आपल्याकडे जो आक्षेप उठला तो तेलाच्या अंगाने. युरोपातल्या साबणात गुराढोरांची चरबी असते, हे लोकांना ठाऊक झाले होते. १८५७ च्या काडतुसांची आठवण जुनी झालेली नव्हती. ज्या चरबीने पलटणी उठल्या, तीच अंगाला फासायची का, हा प्रश्न रास्तच होता. त्यामुळे स्वदेशीच्या चळवळीत साबण ही पहिल्या काही वस्तूंपैकी एक ठरली. मुंबईत कुलुपे करणारे अर्देशीर गोदरेज यांनी १९२० च्या सुमारास निव्वळ वनस्पती तेलाचा, चरबीविरहित साबण बाजारात आणला. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याची जाहीर शिफारस केली. याच अर्देशीरांनी १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये दिले. तिकडे म्हैसूर संस्थानाने महायुद्धामुळे अडकून पडलेल्या चंदनाचे तेल १९१६ पासून स्वतः काढून त्याचा साबण केला. टाटा ऑइल मिल्सने कोचीनजवळ खोबरेलाचा कारखाना उभारला. पुढे याच कंपनीचा मोती साबण आपल्या दिवाळीचा झाला.

या सगळ्या गौरवाच्या कथेत एक गोष्ट कुणी विचारलेली मला आढळत नाही: खार कुठला? खोबरे मलबारचे, तेल देशी, भांडवल देशी. पण त्या काळात सोडा आणि कॉस्टिक सोडा मुख्यतः विलायतेतून येत होता. आपल्याकडे सोड्याचे मोठे उत्पादन त्यानंतर उभे राहिले. काठेवाडच्या टोकाला, बडोदे संस्थानच्या हद्दीत मिठापूर इथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली ती १९३९ साली. म्हणजे स्वदेशी साबणाच्या पहिल्या पिढीचे तेल स्वदेशी होते, तरी खार नव्हता. याचे कारण शोधताना मला आपल्या समाजाच्या स्वभावापाशी यावे लागते. चरबी विटाळते, खार विटाळत नाही. आपण वस्तूची शुद्धता तिच्या उगमाच्या जातीवरून ठरवतो आणि जे जातीच्या चौकटीत बसत नाही त्याच्याकडे पाहतच नाही. खार गोळा करणारे, भट्टीवर सज्जीत हात घालणारे परीट आणि रंगारी यांच्याकडे ही विद्या होती. ती लिहून ठेवणारे आणि स्वदेशीवर भाषणे देणारे यांच्याकडे ती नव्हती. दोन्ही बाजूंची गाठ पडली असती, तर लोणारच्या काठावर स्वदेशी सोड्याचा विचार कदाचित आधी झाला असता.

गाठ घालण्याचा एक प्रयत्न वर्ध्याला झाला. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाश्यापालन यांबरोबर साबणाचेही काम सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेल आणि साबण हा एक स्वतंत्र उद्योग मानला. यामागचा विचार सरळ होता. ज्या देशात पोटाला तेल पुरत नाही, तिथे खोबरेल आणि शेंगतेल साबणात घालवू नये. कडुनिंब, करंज, मोह, कोकणातली उंडी यांच्या बिया झाडाखाली कुजून जातात. त्या वेचाव्यात, त्यांचे तेल काढावे आणि साबण त्याचा करावा. उंडीचे तेल कोकणात पूर्वी दिव्यात जळत असे. रॉकेल आल्यावर ते निकामी झाले होते. त्याला नवे काम मिळाले, बिया वेचणाऱ्या बायकांना चार पैसे मिळाले. खादी भांडारातल्या त्या उग्र वासाच्या हिरवट-तपकिरी वड्यांना कुणी सुंदर म्हटले नाही, पण साबणाचा विचार गावाच्या बाजूने करणारी ती वस्तू होती. तिथेही खार मात्र कारखान्यातल्या पिंपातलाच राहिला.

आज हातसाबणाला पुन्हा दिवस आले आहेत. बचतगटांत, शहरातल्या सदनिकांत, दिवाळीच्या प्रदर्शनांत केशर, हळद, बकरीचे दूध, कडुनिंब यांच्या वड्या दिसतात. त्या करण्याची रीत बहुधा थंड पद्धतीची असते. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून निववायचा, तेलात घालून घोटायचा, साच्यात ओतायचा, दुसऱ्या दिवशी कापायचा आणि चार ते सहा आठवडे वाळू द्यायचा. प्रत्येक तेलाचे खाराशी प्रमाण वेगळे. १ किलो खोबरेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक लागते, तर तेवढ्याच शेंगतेलाला सुमारे १३५ ग्रॅम. खार किंचित कमी ठेवतात, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून वडी मऊसूत होते. आणि कारखान्यात जे ग्लिसरीन काढून घेतात ते इथे वडीतच राहते. हा साबण चांगला असतो, हे मी वापरून सांगू शकतो.

पण त्याच्या वेष्टणावर ‘रसायनमुक्त’ असे छापलेले दिसले की मला हसू येते. कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. पूर्ण मुरलेल्या वडीत ते उरत नाही हे खरे. तेलाशी संयोग होऊन ते साबणच झालेले असते. तरी त्याचे नाव घ्यायला विक्रेत्याला संकोच वाटतो आणि गिऱ्हाइकाला ते ऐकायचे नसते. तेलांची यादी सुवाच्य अक्षरांत असते, खाराचा मात्र उल्लेख नसतो. शंभर वर्षांपूर्वी स्वदेशीच्या जाहिरातीत जे झाले, तेच आज हातसाबणाच्या चिठ्ठीवर होते.

राखेकडे परत जावे, असे माझे म्हणणे नाही. राखेच्या निवळीचा जोर दर वेळी बदलतो. तराजूवर मोजलेल्या कॉस्टिकने साबण अधिक निर्धोक होतो. लोणारचा खारही उचलायचा नाही. ते सरोवर आता अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. त्यातला खार त्यातल्या सूक्ष्मजीवांचा आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या त्या सूक्ष्मजीवांनी आपले अस्तित्व साऱ्या देशाला दाखवले. माझे म्हणणे एवढेच की ‘हाताने केलेला’ हे शब्द आपण नीट अर्थाने वापरावेत. आजच्या साबणात ओतणारा, घोटणारा, कापणारा हात आहे आणि त्याला मान द्यावा. पण राखेतून, मातीतून, आटलेल्या तळ्यातून खार काढणारा जो हात होता, त्याची विद्या सोड्याच्या पहिल्या गोणीबरोबर संपत गेली आणि तिचे दुःख कुणी केले नाही.

तुकोबांनी दृष्टान्तासाठी निवडलेला साबण त्या हाताचा होता. पाणी निर्मळ असेल तर तो आपले काम चोख करतो, एवढी त्या साबणाची पत श्रोत्यांना मान्य होती. लोणारला विवराच्या काठावर उभे राहून आपण उल्केविषयी बोलतो, देवळांविषयी बोलतो, गुलाबी पाण्याविषयी बोलतो. त्या यादीत आणखी एक ओळ घालता येईल: महाराष्ट्राचे कपडे धुणारा आणि बांगड्या घडवणारा खार एके काळी इथून निघत होता, आणि तो काढणाऱ्यांना त्याचे चार प्रकार नुसत्या बोटांनी ओळखता येत होते.